अर्धी तुझी, अर्धी माझी गाडी नको

गाडी घ्यायला निघालेल्या नवरा-बायकोला बहुतेक सगळे एकच सल्ला देतात. दोघांनी थोडं थोडं मागे या, मधली एखादी गाडी बघा आणि विषय संपवा. थोरला दीर हेच सांगतो, ऑफिसातले मित्र हेच सांगतात आणि शोरूममधला विक्रेताही हेच सांगतो. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं, आणि संसारातल्या पुष्कळ गोष्टींत ते खरंही असतं. सुट्टीत कुठे जायचं, दिवाळीला आधी कुणाच्या माहेरी-सासरी जायचं, आमटीत तिखट किती, इथे मधला मार्ग निघतो आणि दोघंही सुखी होतात. गाडीच्या बाबतीत मात्र हा सल्ला साफ चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो सात-सात वर्षांच्या हप्त्यांनी लोकांच्या गळ्यात पडतो, म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा.

धायरीतलं एक जोडपं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तो चाकणच्या कारखान्यात आहे आणि सकाळी कंपनीच्या बसने जातो, रात्री बसनेच येतो. ती कर्वेनगरच्या शाळेत शिकवते. मुलाला घेऊन सिंहगड रस्त्याने शाळेत जाणं, परत येणं, आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना फिजिओथेरपीला नेणं, वाटेत किराणा, हे सगळं तिच्याकडे. गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्याला मोठी, उंच, रुबाबदार एसयूव्ही हवी होती. तिला छोटी ऑटोमॅटिक हॅचबॅक हवी होती, कारण सिंहगड रस्त्यावर सकाळी डावा पाय क्लचवरून निघतच नाही. दोन महिने चर्चा झाली. शेवटी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि चार मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घरी आली. मॅन्युअल गिअरची, कारण ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे सनरूफकडे वळले. तिने ऑटोमॅटिक सोडली, त्याने मोठी गाडी सोडली. पेढे वाटताना सगळ्यांनी दोघांच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं.

आता ती रोज सकाळी क्लच दाबत वडगावचा पूल ओलांडते. त्यांच्या सोसायटीतल्या यांत्रिक पार्किंगच्या ज्या कप्प्यात हॅचबॅक मावली असती, त्यात ही गाडी उंचीमुळे जात नाही, म्हणून ती रस्त्यावर उभी असते. आणि रविवारी तो गाडी काढतो तेव्हा म्हणतो, "इंजिनात काही दमच नाही गं." तुला ना मला, घाल कुत्र्याला, अशी ही गत. दोघंही चांगली माणसं आहेत आणि दोघांनीही मनापासून त्याग केला. तो वाया गेला, कारण ज्या वस्तूसाठी तो केला ती वस्तू अर्धी-अर्धी होत नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं. कोणतीही मोटार ही कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच एक पक्की तडजोड असते. डिकी वाढवली की मागच्या सीटचे पाय आखडतात. उंची वाढवली की वळणावर गाडी झुकते, वजन वाढवलं की अ‍ॅव्हरेज पडतं. इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं हे हिशेब जुळवलेले असतात, आणि प्रत्येक गाडी कोणत्या तरी एका कामासाठी जुळवलेली असते. कारखान्यात झालेल्या त्या तडजोडीवर घरात दुसरी तडजोड चढवली, की ज्या कामासाठी ती गाडी बनली तेही आपल्याला नको असतं आणि आपल्याला जे काम हवं त्यासाठी ती बनलेली नसते.

आपल्या देशात तर यात सरकारचीही एक तडजोड मिसळलेली आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं गेलं. छोटी गाडी कोणती, तर लांबी 4,000 मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1,500 सीसीपर्यंत. पुढे जीएसटी आला तरी ही रेघ टिकली. सप्टेंबर 2025 पासून रेघेच्या आतल्या गाडीवर 18 टक्के आणि बाहेरच्या गाडीवर 40 टक्के कर आहे. या एका रेघेने आपल्या गाड्यांचे आकार ठरवले. 2012 ची डिझायर आठवा. आधीच्या डिझायरची डिकी 440 लिटरची होती. नवी गाडी करसवलतीत बसवण्यासाठी मागून आखूड केली, लांबी 3,995 मिलिमीटर झाली आणि डिकी 316 लिटरवर आली. सवलत मिळाली, चार जणांच्या कुटुंबाची एक मोठी बॅग बाहेर राहिली. कंपनीने फसवलं असं मी म्हणत नाही. किंमत आणि जागा यांत तिने किंमत निवडली आणि लाखो लोकांना ती पटली. पण "मधली गाडी" म्हणून आपण ज्याकडे बघतो, ती दोन इच्छांच्या मध्ये उभी नसते. कराच्या रेघेला चिकटून उभी असते.

सात सीटचं उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. सासू-सासरे आले की बसायला जागा हवी, असं एक म्हणतं. मोठी गाडी गल्लीत वळत नाही, असं दुसरं म्हणतं. मग चार मीटरच्या आतली सात सीटची गाडी घेतली जाते. रेनॉ ट्रायबर ही त्या जातीतली हुशारीने बनवलेली गाडी आहे. तिसऱ्या रांगेच्या सीट काढून ठेवल्या की 625 लिटर जागा मिळते. पण त्या सीट लावल्या की मागे 84 लिटर उरतात. सात माणसं बसली की त्या सात जणांच्या बॅगा कुठे ठेवायच्या? 84 लिटरमध्ये दोन खांद्याच्या पिशव्या आणि पाण्याचा एक कॅन जातो. म्हणजे सात माणसं न्या किंवा सामान न्या. ज्याला हे आधीच माहीत आहे आणि तरी ती गाडी हवी आहे, त्याने आनंदाने घ्यावी. भांडण मिटवण्यासाठी घेणाऱ्याला मात्र ते गणपतीच्या आदल्या रात्री कळतं.

आता या सल्ल्याच्या पोटात लपलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे येते. तडजोडीची भाषा एक वाटणी गृहीत धरते: बायको म्हणजे व्यवहार आणि नवरा म्हणजे हौस. तिला डिकी, कप ठेवायची जागा आणि अ‍ॅव्हरेज हवं. त्याला ताकद, रूप आणि आवाज हवा. ही वाटणी मला मान्य नाही. माझी नाशिकची मैत्रीण गाडी चालवण्यात रमणारी बाई आहे. कसारा घाटात गिअर बदलत जाणं तिला मनापासून आवडतं, आणि तिचा नवरा शांतपणे रिसेलचे आकडे वाचत बसतो. अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. तरीही शनिवारी संध्याकाळी कुठल्याही शोरूममध्ये जाऊन उभे राहा. विक्रेता ड्रायव्हरच्या बाजूचं दार नवऱ्यासाठी उघडतो. "मॅडम, तुम्ही मागे बसून बघा, स्पेस किती आहे." इंजिनाबद्दल त्याच्याशी बोलणं होतं, रंगाबद्दल तिच्याशी. टेस्ट ड्राइव्हला चावी कुणाच्या हातात जाते हे सांगायला नको. पाच-सात मिनिटांचा रिकाम्या रस्त्यावरचा फेरा होतो, तो चालवतो, ती मागच्या सीटवर मुलाला सांभाळते. जी बाई पुढची काही वर्षं रोज ती गाडी चालवणार आहे, तिचे हात त्या दिवशी स्टिअरिंगला लागलेलेही नसतात.

आणि मग हौसेला व्यवहाराचे कपडे चढवले जातात. उंच एसयूव्ही हवी असते ती आवडते म्हणून, पण सांगितलं जातं की ती सुरक्षित आहे. आवडते म्हणून घ्यावी, त्यात लाज कसली? खोटं कारण देण्याला माझा आक्षेप आहे, कारण त्या कारणापुढे बायकोला बोलता येत नाही. मुलाच्या जिवापुढे डाव्या पायाचं दुखणं कोण मांडणार?

म्हणून हे कारण तपासूनच घेऊ. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने स्कॉर्पिओची एअरबॅग नसलेली आवृत्ती समोरच्या धडकेत तपासली, तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. उंच, जड, दणकट दिसणारी गाडी. त्याच नावाच्या नव्या पिढीच्या स्कॉर्पिओ-एनला 2022 मध्ये पाच तारे मिळाले. म्हणजे उंच तीही, रुबाबदार तीही, पण सांगाडा वेगळा आणि एअरबॅग वेगळ्या. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये डिझायर या चार मीटरच्या आतल्या बुटक्या सेडानला पाच तारे मिळाले. उंचीने जीव वाचत नाही; सांगाडा, पट्टा आणि एअरबॅग यांनी वाचतो. हे उलट बाजूनेही खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. वॅगनआर ही गेली काही वर्षं देशात सगळ्यात जास्त खपणाऱ्या गाड्यांत आहे. चढायला-उतरायला सोपी, वळायला सोपी, पेट्रोलला हलकी. व्यवहाराचं नाव काढलं की लोक तिच्याकडे बोट दाखवतात. पण 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तिला एकच तारा मिळाला होता. पुढे तिच्यात एअरबॅग वाढल्या. तरी "व्यवहारी" हा शिक्का बसला म्हणजे तपासणी संपली असं बायकोच्या बाजूनेही कुणी समजू नये. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप आहे, ती चाचणी कंपन्यांना सक्तीची नाही, पण ज्या गाड्यांची झाली आहे त्यांचे निकाल कुणालाही बघता येतात. ते दोघांनी मिळून बघावेत. त्यात मध्यममार्ग नसतो: तीन तारे त्याचे आणि पाच तिचे, म्हणून चार घेऊ, असा सौदा कुणी करत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला फार अस्वस्थ करते. समोरच्या धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरच्या सीटवर जो पुतळा बसवतात तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा असतो, सुमारे 175 सेंटीमीटर उंच आणि 78 किलोंच्या आसपास वजनाचा. आपल्या बहुतेक बायका त्या मापाच्या जवळपासही नाहीत. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासून व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये मांडलं, की पट्टा लावलेल्या स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुष चालकापेक्षा 47 टक्के जास्त आहे. बुटक्या माणसाला क्लचपर्यंत पाय पोचवायला सीट पुढे ओढावी लागते, मग छाती स्टिअरिंगच्या जवळ येते. अशा चालकासाठी सीटची उंची बदलण्याची सोय ही चैन नाही. बॉनेटची कड दिसणं, पट्टा मानेवर न येता खांद्यावरून जाणं, हे सीट वर-खाली करणाऱ्या त्या एका दांड्यावर अवलंबून असतं. आणि आपल्याकडे हाच दांडा खालच्या व्हेरियंटमधून सर्रास काढलेला असतो. तिने सनरूफला होकार दिला त्या दिवशी सनरूफच्या बदल्यात आपल्या सीटची उंची गेली, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

हेच मला तडजोडीबद्दल सगळ्यात जास्त खुपतं. ती नेहमी न दिसणाऱ्या गोष्टींवर होते. सनरूफ शेजाऱ्यांना दिसतं, मोठी टचस्क्रीन पाहुण्यांना दिसते, अलॉय व्हील रस्त्यावरून दिसतात. मागच्या मधल्या सीटला डोकं टेकायला उशी नाही हे दिसत नाही. मागचा वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारी तार नाही हे जुलैत ताम्हिणी घाटात पाऊस लागेपर्यंत दिसत नाही. मुलाची सीट घट्ट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत की नाहीत, असले तर गादीत इतके खोल आहेत का की बाईला एका हाताने मूल धरून दुसऱ्या हाताने ते सापडणारच नाहीत, हे कुणी वाकून बघत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट न लावल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, पोर महत्त्वाचं. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर पट्टा न लावता बसले होते. त्यानंतर काही आठवडे सगळे मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. आज पुन्हा नव्या गाडीच्या सनरूफमधून उभी राहिलेली मुलं एक्स्प्रेस-वेवर दिसतात आणि आई-बाप खालून त्यांचे फोटो काढतात.

मग व्यवहारी गाडी कोणती? याला एकच उत्तर नाही, आणि म्हणूनच ती मध्ये कुठेतरी सापडत नाही. ज्या जोडप्याला मूल नाही, सासू-सासरे गावी सुखात आहेत आणि जे दर महिन्याला हरिश्चंद्रगडाच्या किंवा भंडारदऱ्याच्या वाटेला लागतात, त्यांच्यासाठी चार जणांची थार ही व्यवहारी गाडी आहे. दोघांनाही ती हवी असेल तर कुणाच्या उपदेशाने त्यांनी हॅचबॅक घेऊ नये. व्यवहार गाडीच्या जातीत नसतो, तिच्या आठवड्यात असतो. सोमवार ते रविवार ती कुठे जाते, कोण चालवतं, मागे कोण बसतं, रात्री कुठे उभी राहते. कागद घ्या आणि लिहा. बहुतेक घरांत लिहिताना लक्षात येतं की ज्या प्रवासासाठी गाडी निवडायला निघालो होतो तो वर्षातून दोनदा होतो, आणि जो रोज होतो त्याबद्दल आपण अवाक्षर काढलं नव्हतं.

गणपतीचा प्रवास घ्या. कोकणातल्या घराकडे जायचं म्हणजे सहा माणसं, पिशव्या, पूजेचं सामान, परतताना नारळ आणि सुपाऱ्या. त्या चार दिवसांसाठी बाकीचं सगळं वर्ष शहरात साडेचार मीटरची गाडी वळवत बसायचं का? त्या चार दिवसांना भाड्याने एर्टिगा किंवा इनोव्हा घ्यावी, सोबत घाट पाठ असलेला चालक घ्यावा आणि दोघांनीही मागे बसून पाऊस बघावा. भाडं जास्त वाटतं, कारण ते एकदम खिशातून जातं. मोठ्या गाडीचं जास्तीचं पेट्रोल थेंबाथेंबाने जातं म्हणून कळत नाही. वर्षाला 12,000 किलोमीटर चालणारी गाडी लिटरला 20 ऐवजी 15 किलोमीटर देत असेल, तर 200 लिटर पेट्रोल जास्त लागतं. लिटरमागे 100 रुपये धरले तरी 20,000 रुपये झाले. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवरचा रस्ता कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि त्याच्या वर किमान 12 टक्के, म्हणजे गाडी महागली की नुसती रक्कम वाढत नाही, टक्काही वाढतो.

घरात म्हातारं माणूस असेल तर हा कागद आणखी नीट लिहावा लागतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आजी गाडीत कशी बसते ते कधी निवांत बघा. ती आधी गाडीकडे पाठ करते. एक हात दाराच्या चौकटीवर, दुसरा सुनेच्या मनगटावर. मग मागे मागे सरकत सीटची कड पायाला लागते का ते चाचपते. कड तिच्या कमरेच्या बेताची असेल तर ती अलगद टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. कड खाली असेल, जशी सेडानमध्ये असते, तर ती शेवटच्या वीतभर अंतरात धपकन पडते आणि "आई गं" म्हणते. कड उंच असेल तर टेकताच येत नाही. मग पायरीवर पाय, चौकटीला लोंबकळणं आणि मागून कुणीतरी उचलणं. तिसऱ्या वेळेनंतर आजी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी आहे." लग्नाला, मुंजीला, देवळात तिने जाणं असं थांबतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की ते गाडीने थांबवलं. ज्या सीटवर ती पाठ करून अलगद टेकू शकते ती सीट सापडेपर्यंत शोरूम बदलत राहायला हवं. आजीला सोबत नेल्याशिवाय ही गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

मधली गाडी नको म्हटलं की मला तीन उत्तरं हमखास मिळतात.

पहिलं म्हणजे, पैसे जो देतो त्याने ठरवावं. ज्या घरात एकाचा पगार गाडीच्या हप्त्याला जातो आणि दुसऱ्याचा पगार शाळेच्या फीला आणि किराण्याला, तिथे गाडीचे पैसे एकाने दिले असं म्हणणं निव्वळ हिशेबाची चूक आहे. दुसरी व्यक्ती नोकरी करत नसेल तरी घरात तिच्या कामाने जे वाचतं त्यातूनच हप्ता निघतो. आणि हप्ता दोघांच्या घरावर बसतो. 9 टक्के व्याजाने 10 लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढलं तर महिना सुमारे 16,090 रुपये. तेच 13 लाखांचं काढलं तर सुमारे 20,900. या जवळपास पाच हजारांच्या फरकातून घरातलं काय काय कमी होतं ते घर चालवणाऱ्याला आधी कळतं.

दुसरं उत्तर हौसेचं. हौसेला मोल नसतं, मग सगळं कागदावर लिहून काढलं तर आयुष्यात उरलं काय? हा आक्षेप मला खरा वाटतो. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली त्याआधी आपल्या आई-वडिलांच्या पिढीला अँबॅसडर किंवा फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं; निवडीचा आनंद त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नाही. आज तो मिळतो आहे तर घ्यावा. पण हौस अर्धी केली की ती हौस राहत नाही. ज्याला मोठं इंजिन हवं त्याला थोडं मोठं इंजिन देऊन त्याचं मन भरत नाही, फक्त गाडी महाग होते. त्यापेक्षा हौस कुणाची आणि ती कुठे पुरी होईल हे वेगळं ठरवावं. घाटात चालवण्याचं वेड असेल तर जुनी, नीट जपलेली दुसरी गाडी किंवा मोटारसायकल, पैसे साठवून, दोन वर्षांनी का होईना. नाही तर कुटुंबाच्या गाडीतच रंग, संगीताची यंत्रणा, सीटचं कापड, हे सगळं एकट्याच्या मर्जीवर सोडून द्यावं, त्यात दुसऱ्याने तोंड घालू नये. हे छोटं वाटेल, पण पूर्ण मिळालेली छोटी गोष्ट अर्ध्या मिळालेल्या मोठ्या गोष्टीपेक्षा जास्त दिवस आनंद देते. मी हे घरोघरी बघितलं आहे.

तिसरं उत्तर शांततेचं: तडजोड केली की वाद मिटतो. नाही मिटत. त्याला फक्त चाकं लागतात आणि तो रोज सकाळी पार्किंगमधून बाहेर निघतो. "तुझ्या हट्टामुळे" हे वाक्य मधल्या गाडीत दोघांनाही म्हणता येतं, कारण त्या गाडीत दोघांचेही हट्ट थोडे थोडे आहेत आणि जबाबदारी कुणाचीच नाही. एकाने स्पष्ट ठरवलेल्या गाडीत निदान उत्तर द्यायला कुणीतरी असतं.

म्हणून मी म्हणते, गाडी वाटू नका, हक्क वाटा. सुरक्षेवर सौदा नाही. ज्या गाडीचा आणि व्हेरियंटचा निकाल दोघांनाही पटत नाही ती यादीतून जाते, कुणाला कितीही आवडली तरी. आठवड्यातले जास्त तास जो चालवतो त्याचा गिअर, सीट आणि लांबी-रुंदी यांवर शेवटचा शब्द. तो नवरा असेल तर नवऱ्याचा, बायको असेल तर बायकोचा. ओला-उबरचा किंवा शाळेच्या रिक्षाचा धंदा नसलेल्या घरात हे तास मोजणं काही अवघड नाही. रकमेची वरची मर्यादा घर चालवणाऱ्याची. रूप आणि हौस दुसऱ्याची, संपूर्ण. नकाराचा हक्क ज्याचा त्याच्या क्षेत्रात, आणि तिथे मध्यस्थी करायला थोरल्या दिराने येऊ नये.

आणि टेस्ट ड्राइव्ह शनिवारी संध्याकाळी शोरूमच्या रस्त्यावर घेऊ नका. मंगळवारी सकाळी साडेआठला गाडी घरी मागवा. बरेच विक्रेते पाठवतात. रोज चालवणाऱ्या व्यक्तीने स्टिअरिंगवर बसावं. मुलाची सीट मागे अडकवावी, आजीला बसवावं आणि उतरवावं, तळघराच्या पार्किंगचा चढ एकदा अर्ध्यावर थांबून पुन्हा चढावा, मग शाळेपर्यंत खऱ्या गर्दीतून जाऊन यावं. मागच्या सीटवर बसून जागा किती आहे ते या वेळी दुसऱ्याने बघावं. विक्रेता म्हणाला की सकाळी गाडी मिळत नाही, तर शहरात त्याच कंपनीचे आणखी विक्रेते असतात.

धायरीच्या त्या दोघांचं म्हणाल, तर त्यांच्या गाडीचे अजून बरेच हप्ते बाकी आहेत. मध्यंतरी त्याने सुट्टी काढून पाच दिवस शाळेची फेरी स्वतः केली. सहाव्या दिवशी तो जुन्या गाड्यांच्या बाजारात ऑटोमॅटिक हॅचबॅकचे भाव विचारून आला, आणि आपली गाडी विकून कर्ज फिटतं का याचा हिशेब आता दोघं करताहेत. फिटत नाही, सव्वा लाख कमी पडतात. ते कुठून आणायचे यावर त्यांचा वाद चालू आहे. या वेळी त्यांना कुणीही समजूतदारपणे थोडं थोडं मागे यायला सांगू नये.